लेक कोमोचा तळ समुद्रसपाटीच्या खाली कसा काय?

चहाबाज:
पुढच्या वर्षी आईबाबांना घेऊन इटलीला जायचं चाललंय, मिलानहून लेक कोमो करायचं म्हणून सहज वाचत बसलो तर डोकंच गरगरलं. पाणी समुद्रसपाटीपासून १९८ मीटर उंचीवर आणि खोली ४०० मीटरच्या वर, म्हणजे तळ समुद्राच्या पातळीखाली २०० मीटर!! आल्प्समधलं सरोवर ना हे? नदी काय समुद्राच्या खाली खणणार आहे का. आणि नकाशात ते उलट्या इंग्रजी Y सारखं दिसतं, अड्डा नदी उत्तरेकडून येते नि लेक्कोच्या फाट्यातून बाहेर पडते, मग कोमोचा फाटा कोणी खोदला?

दगडधोंडे:
हिमनदीने. पाणी चढ चढत नाही, बर्फाचं तसं नाही, बर्फाच्या वरच्या पृष्ठभागाला उतार असला की मागच्या बर्फाचा दाब पुढच्याला तळातल्या चढावरूनसुद्धा रेटतो, त्यामुळे मध्येच खोल खड्डा आणि पुढे उंचवटा असं होऊ शकतं. अड्डाच्या खोऱ्यातून उतरलेली हिमनदी दोन फाट्यांच्या मधल्या बेलाजोच्या डोंगरापाशी दुभंगली, एक फाटा कोमोकडे, एक लेक्कोकडे. पुढे तोंडाशी जो गाळ-गोटा टाकला त्याच्या टेकड्या दक्षिणेला ब्रिआंझा नावाच्या भागात अजून आहेत.

खडूस_भूगोल:
सगळं क्रेडिट बर्फाला देऊ नका हो. साधारण ५९ ते ५३ लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राची अटलांटिकशी वाट तुटली आणि तो बराचसा आटला, तळाखाली मिठाचे जाड थर सापडलेत. समुद्रच खाली गेल्यावर नद्यांनी पण खोल घळी कापल्या, आस्वानजवळ नाईलखाली अशी बुजलेली घळ आहे. आल्प्सच्या दक्षिणेकडच्या सरोवरांत सर्व्हे केले तेव्हा गाळाखाली खडक अजून शेकडो मीटर खोल निघाला. वाद आहे यावर, पण मला तरी नदीचं पारडं जड वाटतं.

चहाबाज:
म्हणजे आधी नदीने कापलं मग बर्फाने रंधा मारला?

खडूस_भूगोल:
हो, दोघांच्यात कोणी किती, भांडण तेवढ्यावरच.

दगडधोंडे:
तरी आजची रुंद दरी आणि सरळसोट कडे बर्फाचेच, यावर मी हटणार नाही 😄

लोकलवाली:
खडक राहू द्या, प्लॅनचं बोला. कोमोच्या फाट्याला बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे बर्फ वितळताना किंवा शरद ऋतूत जोराचा पाऊस झाला की कोमो शहरात पियाझ्झा कावूर या चौकात पाणी शिरतं. १९४६ पासून ओल्जिनातेचा बंधारा पातळी सांभाळतो पण तो लेक्कोच्या बाजूला खाली आहे, पूर टळतोच असं नाही. मिलानहून ट्रेनने वारेन्नाला उतरा, तासाभराचं काम, तिथून फेरीने बेलाजो, त्या टोकाला उभं राहिलं की दोन्ही फाटे दिसतात. सकाळी उत्तरेकडून तिवानो नावाचा वारा वाहतो आणि दुपारी दक्षिणेकडून ब्रेव्हा नावाचा, तेव्हा बोटीत बाबांना टोपी सांभाळायला सांगा. आणि बेलाजोच्या गल्ल्या म्हणजे निव्वळ पायऱ्या, आईंचे गुडघे कसे आहेत ते आधी बघा.