ट्रिगर कॉन्टॅक्ट काढून हॉल सेन्सर बसवावा का? (डी-जेट्रॉनिक)

डिचोलीकर
नमस्कार मंडळी. काकांची १९६९ची फोक्सवॅगन १६००, बॉशचं डी-जेट्रॉनिक (कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल उडवणारं) इंजेक्शन अजून मूळचंच. थंड असताना बरी चालते, तापली की अनमोडच्या चढावर धक्के देते, दोन सिलिंडर मध्येच बंद पडल्यासारखे. पेट्रोलचा दाब ठीक आहे. इग्निशनच्या पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक किट आधीच बसवलंय. तसलंच दुसरं किट खाली, डिस्ट्रिब्युटरच्या बुडातल्या, इंजेक्टरांना वेळ सांगणाऱ्या ट्रिगर कॉन्टॅक्टच्या जागी चालेल का? नवे कॉन्टॅक्ट मिळणं मुश्कील.

फोंड्याचा वायरमन
तसलं नाही चालणार, बाबा. वरचं किट डिस्ट्रिब्युटरच्या (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) एका फेरीत चार ठिणग्यांचे इशारे देतं. खाली एकच उंचवट्याचा कॅम समोरासमोरचे दोन कॉन्टॅक्ट आळीपाळीने हलवतो. एक कॉन्टॅक्ट दोन इंजेक्टरांचा, दुसरा उरलेल्या दोघांचा. एक इशारा गळला की दोन सिलिंडर उपाशी. तुमची तक्रार तिथे नेमकी बसते.

पण आधी साफ करा. या कॉन्टॅक्टमधून इंजेक्टरचा करंट जातच नाही, ईसीयूला (इंजेक्शनच्या कंट्रोल बॉक्सला) नुसता इशारा जातो. इग्निशन पॉइंटवर ठिणगी मळ जाळते तरी. इथे तेलाचा थर बसला की बसला. त्यात आपली दमट हवा. डिस्ट्रिब्युटर काढा, बाजूचे दोन स्क्रू सोडा, कॉन्टॅक्टची पट्टी सरकून हातात येते. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जाड कोरा कागद, बस्स. पॉलिश पेपर लावणार असाल तर मला पुढचं विचारूच नका. कॅमवर ग्रीस अगदी नावापुरतं.

मग पंपाची आणि कॉइलची वायर काढून ठेवा, चावी चालू करा, ट्रिगरचा प्लग जोडून डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवा. इंजेक्टर टिकटिकतील. ठोका चुकतो का ते ऐका. कॅमवर घासणारा फायबरचा ठोकळा झिजला असेल तर मात्र साफसफाईचा उपयोग नाही.

म्हापशाचा सर्किटवाला
ठोकळा गेला असेल तर हॉल सेन्सर (चुंबक ओळखून इशारा देणारी चिप) जरूर बसवा, मजेचं काम आहे. ओपन कलेक्टरचा सेन्सर कॉन्टॅक्टसारखाच लाइन ग्राउंडला ओढतो, ईसीयूला हात लावावा लागत नाही. मात्र सेन्सरला पुरवठा हवा, म्हणजे एक जादा वायर. तिच्यावर रेझिस्टर आणि झेनर (जादा व्होल्टेज अडवणारा डायोड) टाका, जुन्या डायनॅमोचे झटके वाईट. दुकानात ३१४४ नंबरचा हॉल सेन्सर मागितलात की बहुधा ८५ अंशांपर्यंतचा हातात देतील. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाशेजारी तो फार दिवस टिकणार नाही. १५० अंशांचा शोधा.

फिरत्या शाफ्टवर नुसतं चुंबक चिकटवू नका, इशारा फार आखूड येतो. चुंबक स्थिर ठेवा, मध्ये कापलेली लोखंडी पाती फिरू द्या. मूळ कॉन्टॅक्ट किती अंश मिटलेले राहतात ते काढण्याआधी मोजा आणि पाती तेवढीच कापा.

डिचोलीकर
पाती दोन-तीन अंश इकडेतिकडे झाली तर? आमचा लेथवाला हाताने कापतो.

फोंड्याचा वायरमन
चालेल. पेट्रोल किती वेळ उडवायचं ते ईसीयू मुख्यतः मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या) दाबावरून ठरवतो, केव्हा ते कॉन्टॅक्ट सांगतो. शिवाय दोन इंजेक्टर एकदम उघडतात, त्यातल्या एकाचं पेट्रोल तसंही बंद व्हॉल्व्हपाशी थांबतं. दोन-तीन अंशांनी काही बिघडत नाही. इशारा गळता कामा नये, दुप्पटही होता कामा नये. आधी टिकटिक ऐकून सांगा, लेथवाला नंतर.