विभागाच्या खुल्या दिवशी उंची-वजन तपासणीचा स्टॉल: काय ठेवावं, काय वगळावं?

आहारशास्त्र_एमएस्सी

नमस्कार. पोषण आणि आहारशास्त्र विभागाचा खुला दिवस जवळ आला आहे. विद्यापीठातल्या सगळ्या विभागांचे विद्यार्थी आणि कर्मचारी त्या दिवशी येतात. आमच्या दोन्ही वर्षांनी मिळून तपासणीचा स्टॉल लावायचं ठरलं आहे. सध्याची यादी: उंची, वजन, बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग), कंबरेचा घेर, बॉडी फॅटचं मशीन, २४ तासांचा डाएट रिकॉल (गेल्या २४ तासांत काय खाल्लं-प्यायलं ते आठवून सांगणं) आणि शेवटी सल्ल्याची चिठ्ठी. एका व्यक्तीला साधारण १० मिनिटं धरली आहेत.

सरावात दोन अडचणी दिसल्या. एकाच व्यक्तीची उंची दोन विद्यार्थिनींनी मोजली तर २ सेंटिमीटरचा फरक येतो, कंबरेत तर ४ सेंटिमीटरपर्यंत. आणि १० मिनिटांत रिकॉल जेमतेम दुपारपर्यंत पोचतो.

मोजमापातला फरक कसा कमी करायचा? यादीतून काय काढायचं? आणि विभागाच्या वार्तापत्रात "आमच्या पाहणीत इतके टक्के लोक जादा वजनाचे आढळले" अशी बातमी द्यावी, असं काहींचं म्हणणं आहे. ती द्यावी का?

मोजपट्टी

आधी फरकाचं बघू, कारण तो तसाच राहिला तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. ६८ किलोच्या माणसाची उंची १६४ सेंमी धरली तर बीएमआय २५.३ येतो, १६६ धरली तर २४.७. "जादा वजन" गट २५ पासून सुरू होतो, म्हणजे तुमच्या त्या २ सेंटिमीटरमध्ये माणूस "जादा वजन" गटात जातो किंवा बाहेर येतो, आणि चिठ्ठी घेऊन घरी जातो.

उंचीत फरक पडायची कारणं नेहमीची आहेत. सगळ्यात मोठं कारण डोक्याची स्थिती. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या रेषेत हवी. "सरळ समोर बघा" एवढंच सांगितलं तर बहुतेक जण हनुवटी वर करतात. मोजणाऱ्याने बाजूला उभं राहून ती रेषा बघायची आणि हनुवटीला हलकेच हात लावून डोकं जागेवर आणायचं. दुसरं कारण भिंत. स्टेडिओमीटर (उंची मोजायचं सरकत्या पट्टीचं साधन) नसेल आणि भिंतीवर टेप लावणार असाल, तर तळाला फरशीची पट्टी बाहेर आलेली नाही ना, ते बघा. ती असली की टाचा भिंतीला लागत नाहीत, माणूस थोडा तिरका उभा राहतो. तिसरं म्हणजे केस: अंबाडा, वर बांधलेली वेणी, क्लिप सोडायला सांगा आणि आडवी पट्टी केस दाबून टाळूला टेकेपर्यंत खाली आणा. रीडिंग घेताना डोळे पट्टीच्या पातळीवर हवेत. बुटक्या मोजणाऱ्याला पायाखाली स्टूल द्या, खालून वर बघून घेतलेला आकडा चुकतोच. ०.१ सेंमीपर्यंत लिहा. पूर्ण किंवा अर्धा सेंटिमीटर करून लिहायची सवय हाताला फार लवकर लागते. दिवसाच्या मध्यावर नोंदवही उघडून शेवटचे अंक बघा, शून्य आणि पाचच दिसत असतील तर मोजणारा बदला.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसाची उंची सुमारे १ सेंमीने कमी होते, मणक्यांमधल्या चकत्या दबतात म्हणून. त्यामुळे सकाळी आलेला माणूस दुपारी पुन्हा आला आणि थोडा फरक पडला, तर गोंधळू नका.

वजनकाटा कठीण, सपाट फरशीवर ठेवा. गालिचा किंवा मऊ मॅटवर तो कमी-जास्त दाखवतो. जागा हलवली की पुन्हा शून्यावर आणा. प्रमाणित वजनं नसतील तर १० लिटर पाण्याचा कॅन वापरा: पाणी जवळपास १० किलो, रिकाम्या कॅनचं वजन वेगळं मिळवा. नुसता कॅन ठेवून तपासणं पुरेसं नाही, कारण तुमची माणसं ५०-८० किलोच्या पट्ट्यात असणार. एकाला काट्यावर उभं करा, आकडा लिहा, मग त्याच्या हातात कॅन द्या. वाढ कॅनएवढीच आली पाहिजे. ही तपासणी सकाळी, मध्ये आणि शेवटी करायची.

कंबरेचा ४ सेंमी फरक ऐकून मला जवळपास खात्री आहे की दोघी वेगवेगळ्या जागी मोजत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत शेवटच्या हाताला लागणाऱ्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये टेप येतो. अमेरिकेतल्या एका प्रचलित पद्धतीत तो कमरेच्या हाडावरच बसतो. दोन्ही चालतात, पण स्टॉलवर एकच. बेंबी किंवा पँटचा पट्टा ही खूण मुळीच धरू नका. दोन्ही हाडं बोटांनी चाचपून मध्यावर पेनने छोटी खूण करायची, टेप जमिनीला समांतर आहे का ते दुसऱ्या विद्यार्थिनीने पाठीमागून बघायचं (मागे तो हमखास खाली घसरतो), आणि सहज श्वास सोडून झाल्यावर आकडा वाचायचा. "श्वास सोडा" असं मोठ्याने सांगितलं की लोक पोट आत घेतात. त्यापेक्षा काहीतरी बोलतं ठेवा आणि श्वास संपताना वाचा. शिवणकामाचा जुना कापडी टेप ताणून लांबलेला असतो, तो नको.

आता सराव. १० जणांना निवडा, प्रत्येकाला एकाच विद्यार्थिनीने दोनदा मोजायचं, पहिला आकडा न बघता. दोन आकड्यांतल्या फरकांचे वर्ग करा, बेरजेला २ गुणिले माणसांच्या संख्येने भागा, वर्गमूळ काढा. वर्गांची बेरीज ०.८ आली तर ०.८ भागिले २०, म्हणजे ०.०४, वर्गमूळ ०.२ सेंमी. ही झाली तुमची तांत्रिक मापनचूक. मग दोघींमधला फरक याच सूत्राने काढा. स्वतःशी जुळते पण दुसरीशी जुळत नाही, असं निघालं तर दोष पद्धत समजण्यात आहे. स्वतःशीच जुळत नसेल तर हात अजून बसलेला नाही. या दोहोंवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हे आकडे काढणं महत्त्वाचं.

रिकॉल_वाली

रिकॉल यादीतून काढा. कमी वेळात उरकायची ती गोष्टच नाही. नीट घेतलेल्या रिकॉलमध्ये पाच फेऱ्या असतात: आठवेल तसं भरभर सांगणं, मग विसरलेल्या पदार्थांची उजळणी, मग प्रत्येक खाण्याची वेळ आणि प्रसंग, मग प्रमाण आणि बनवण्याची पद्धत, आणि शेवटी सगळं वाचून दाखवून पुन्हा विचारणं. याला २० ते ३० मिनिटं जातात. दुसऱ्या फेरीत पेयं, चहातली साखर, जाता-येता तोंडात टाकलेलं असं सगळं वर येतं, आणि घाईत हीच फेरी गाळली जाते. आणि इतकं करूनही हाती येतं ते एका दिवसाचं खाणं. त्यावरून "तुम्हाला प्रथिनं कमी पडतात" असं कुणाला सांगता येत नाही.

सराव म्हणून प्रात्यक्षिक दाखवायचं असेल तर स्वतंत्र टेबलावर दोन विद्यार्थिनींनी एकमेकींचा रिकॉल घ्यावा, बघणाऱ्यांना प्रश्न कसे विचारतात ते कळेल. "नाश्त्याला काय खाल्लं?" या प्रश्नात नाश्ता केलाच असेल हे गृहीत आहे, आणि न केलेला माणूस ओशाळून काहीतरी सांगतो. "उठल्यावर सगळ्यात आधी काय खाल्लं किंवा प्यायलं?" असं विचारलं की वाट मोकळी राहते. प्रमाणासाठी "एक वाटी" लिहून पुढे जाऊ नका. टेबलावर वेगवेगळ्या वाट्या आणि पेले ठेवा, समोरच्याला त्याच्या नेहमीच्या खुणेपर्यंत पाणी ओतायला सांगा आणि ते पाणी मोजपात्रात ओतून मिलिलिटर वाचा. लोकांना हे फार आवडतं, कारण आपला अंदाज किती चुकतो ते समोर दिसतं.

रिकॉलच्या जागी साखर, मीठ आणि तेल यांचं एकच टेबल लावा. मोकळ्या साखरेतून (वरून घातलेली साखर, शिवाय मध आणि फळांच्या रसातली) मिळणारी ऊर्जा रोजच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवावी अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. २००० किलोकॅलरीच्या आहारात ते होतात २०० किलोकॅलरी, म्हणजे ५० ग्रॅम. सपाट चमचा सुमारे ४ ग्रॅमचा धरला तर १२ चमचे. लेबलवर १०० मिलीला १०.६ ग्रॅम साखर लिहिलेलं ३३० मिलीचं पेय घ्या: ३५ ग्रॅम एकाच डब्यात. हा गुणाकार येणाऱ्याकडून करून घ्या, आपण सांगू नका. मिठासाठी लेबलवरचं सोडियम २.५ ने गुणायचं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, आणि मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहावं. तेलाचा ५ मिलीचा चमचा म्हणजे सुमारे ४.५ ग्रॅम, ४० किलोकॅलरी.

इथे दोन गोष्टी बिघडतात. उघड्या वाट्यांत ठेवलेली साखर दमट हवेत गोळा होते, म्हणून १ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर मोजून पारदर्शक पुड्या आधीच सील करा. आणि लेबलवर कुठे १०० ग्रॅमचे तर कुठे एका सर्व्हिंगचे आकडे असतात; विद्यार्थिनी घाईत भलताच रकाना वाचतात. वापरणार ती लेबलं आधी मोठी करून छापा आणि योग्य रकान्याला रंग लावा.

आहारशास्त्र_एमएस्सी

दोघांचे आभार. रिकॉल काढतो, मोजमापाचा सराव याच आठवड्यात लावतो. बॉडी फॅटच्या मशीनचं काय करावं? ते बघायलाच गर्दी होते. आणि कुणी वजन करायला नको म्हणालं किंवा एखाद्याचा आकडा काळजीचा निघाला, तर स्टॉलवरच्या विद्यार्थिनीने काय बोलावं?

ओपीडी_आहारतज्ज्ञ

मशीन ठेवू नका. ते चरबी मोजत नाही, शरीरातून सौम्य वीजप्रवाह सोडून अडथळा मोजतं आणि वय, लिंग, उंची, वजन घालून एका समीकरणातून चरबीचा अंदाज काढतं. पाणी कमी प्यायलेल्या माणसात अडथळा वाढतो आणि चरबी जास्त दिसते. जेवण, व्यायाम, ओले पाय या सगळ्याने आकडा हलतो. खुल्या दिवशी यातलं काहीच तुमच्या हातात नसतं. शिवाय पेसमेकर असलेल्यांना त्यावर उभं करायचं नसतं, आणि गर्दीत प्रत्येकाला ते विचारलं जाईल याची खात्री कोण देणार?

वजनाचा काटा पडद्याआड ठेवा. आकडा मोठ्याने सांगायचा नाही, लिहून घडी केलेल्या चिठ्ठीत द्यायचा. वजन ऐच्छिक आहे, अशी पाटी रांगेच्या सुरुवातीलाच लावा, काट्यापाशी पोचल्यावर नको म्हणणं अवघड जातं. आकडा बघायचा नसेल त्याला काट्याकडे पाठ करून उभं राहू द्या. वयात आलेल्या मुलामुलींत खाण्याच्या विकारांचं प्रमाण नगण्य नाही, आणि "अरे वा, छान बारीक आहेस" हे वाक्यही अशा कुणाला इजा करून जातं. वजनावर टिप्पणी नाही, चांगली नाही आणि वाईटही नाही, हा नियम स्टॉलवरच्या सगळ्यांना तोंडपाठ हवा.

डॉक्टरांकडे किंवा विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राकडे कधी पाठवायचं, ते आधीच लिहून ठेवा: गेल्या ३ ते ६ महिन्यांत न ठरवता ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं असेल (७० किलोच्या माणसात ३.५ किलो), प्रौढाचा बीएमआय १८.५ पेक्षा कमी असेल, किंवा कुणी स्वतःहून उलट्या, उपासमार, भोवळ यांबद्दल बोललं. तेव्हा विद्यार्थिनीने एवढंच म्हणावं, "हे आमच्या मॅडमशी निवांत बोलूया." आणि एक प्राध्यापक आतल्या खोलीत दिवसभर हजर हवेत. मधुमेह, मूत्रपिंडाचे आजार, गरोदरपण यांबद्दलचे प्रश्नही तिकडेच. गरोदर व्यक्तीचा बीएमआय काढूच नका. १९ वर्षांखालच्यांना प्रौढांचे टप्पे लावू नका, त्यांच्यासाठी वयानुसार बीएमआयचे वेगळे तक्ते आहेत. प्रथम वर्षाचे बरेच जण यात येतील.

चिठ्ठीवर कोणते टप्पे वापरले तेही छापा. सर्वसाधारण टप्पे २५ (जादा वजन) आणि ३० (लठ्ठपणा) चे आहेत, आशियाई लोकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये २३ आणि २७.५ हे जादा टप्पे सुचवले. २४ बीएमआयच्या माणसाला एक स्टॉल "ठीक" म्हणतो आणि दुसरा "जादा", आणि विश्वास दोघांवरचाही उडतो.

वार्तापत्र_संपादक

टक्केवारीची बातमी देऊ नका. स्टॉलवर येतात ते स्वतःहून आलेले लोक: वजनाची काळजी असलेले आणि व्यायामशाळेत जाणारे जास्त, आणि ज्यांना काट्याची भीती वाटते ते दुरूनच जातात. या आकड्यावरून विद्यापीठाबद्दल काहीही म्हणता येत नाही, पण छापलं की पुढच्या वर्षी तेच वाक्य कुणाच्या तरी प्रबंधात "पूर्वीच्या पाहणीनुसार" म्हणून येतं. संशोधन म्हणूनच वापरायचं असेल तर नमुना ठरवून, संमतिपत्र करून, नैतिकता समितीची मान्यता मोजमापाच्या आधी घ्यावी लागते. झाल्यावर मागता येत नाही. तसं नसेल तर नावांसकट नोंदी ठेवूच नका, आकडा चिठ्ठीवर लिहून माणसाच्या हातात द्या. मोजपट्टी म्हणतात ते शेवटचे अंक तपासायला उंचीचा नुसता आकडा असलेली यादी पुरते, तीही संध्याकाळी फाडून टाका.

बातमीसाठी मजकूर भरपूर आहे. मोजणाऱ्यांची मापनचूक सरावाआधी किती होती आणि सरावानंतर किती झाली, हे दोन आकडे द्या. ते तुमच्या विद्यार्थिनींच्या शिक्षणाबद्दल खरं काही सांगतात. साखरेच्या टेबलाचा गुणाकार चौकटीत द्या. प्रश्नांसाठी एक पेटी ठेवा, सगळ्यात जास्त विचारलेले चार-पाच प्रश्न निवडा आणि प्राध्यापकांनी तपासलेली उत्तरं छापा. कुणाच्या आजाराचा तपशील असलेला प्रश्न मात्र घेऊ नका, छोट्या विभागात नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो.

फोटो काट्यापाशी काढू नका, आणि डोकं कापून नुसतं पोट दाखवणारे फोटो तर इंटरनेटवरूनही घेऊ नका. पाण्याचं माप घेणारे हात, लेबल वाचणारे दोघं, मागून टेप समांतर आहे का ते बघणारी विद्यार्थिनी असे फोटो घ्या, त्यात टेप कुणा पाहुण्याच्या नाही तर तुमच्यातल्याच एकीच्या कंबरेवर असावा. फोटोची परवानगी त्याच वेळी लेखी घ्या, कारण अंक छपाईला जाताना ती व्यक्ती सापडत नाही आणि चांगला फोटो गाळावा लागतो.