अहिराणी मजकुरावरचे टॅग सरकतात ते कशाने

भाऊ, तुमचं पायथॉनमधलं टोकनायझर (मजकुराचे शब्द, म्हणजे टोकन, सुटे करणारा भाग) आणि जावातलं नावं ओळखणारं मॉड्यूल सुटं सुटं बरोबर चालतं. जोडलं की 'अमळनेर'वरचा स्थळाचा टॅग एक-दोन अक्षरं पुढे जातो. मॉडेल बदलून हे सुटणार नाही, घोळ ऑफसेटचा, म्हणजे मजकुराच्या सुरुवातीपासून मोजलेल्या जागेच्या आकड्याचा आहे.

पायथॉन कोडपॉइंट (युनिकोडमधलं एकेक क्रमांकित चिन्ह) मोजतं, जावा यूटीएफ-१६ ची १६ बिटांची एककं. देवनागरीत दोन्ही आकडे सारखेच येतात, म्हणून चाचणीत काही दिसत नाही. आधी कुठे एखादा साधा इमोजी आला, की जावाचा आकडा १ ने वाढतो.

अहिराणीत त्याहून चिवट अडचण 'ऱ्ह'ची. 'काय करी ऱ्हायना' मधला 'ऱ्ह' दोन प्रकारे टाइप होतो: ऱ, हलन्त, ह असे ३ कोडपॉइंट, किंवा र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह), ह असे ४. पडद्यावर दोन्ही सारखेच. एनएफसी (युनिकोड मजकूर एकसारख्या रूपात आणायची ठरलेली पद्धत) हे दोन एक करत नाही, आणि सफाईत कुणी झेडडब्ल्यूजे उडवला तर रफाराचा 'र्हायना' उरतो. दोन्हींचं एकच रूप करणारी बदली स्वतः लिहा, अगदी सुरुवातीला, एकदाच. पुढे कोणत्याही घटकाने मजकुराला हात लावायचा नाही, टॅग ऑफसेटसह वेगळे ठेवायचे. यूआयएमएमध्ये (मजकूर-विश्लेषणाचे घटक जोडायची चौकट) एकदा बसवलेला मजकूर बदलताच येत नाही. तीच शिस्त इथे पाळा.

देवाणघेवाणीला कॉनएल-यू (ओळीला एक टोकन, अशा रकान्यांचा फाइल-साचा) चालेल, फक्त शेवटच्या रकान्यातलं 'स्पेसआफ्टर=नो' (पुढे मोकळी जागा नाही ही खूण) जपा, नाहीतर मूळ वाक्य परत जुळत नाही. आणि प्रत्येक जोडावर ऑफसेटने कापलेला तुकडा टोकनशी ताडून बघा. जुळला नाही तर प्रोग्राम तिथेच थांबवा.