पॅटर्न ईआरजी: काचबिंदूच्या संशयात करून घ्यावी का?

रामबागकर (इंदूर)
वय ५४. बाबांना काचबिंदू होता. आम्ही मोतीबिंदू समजून 'पिकला की काढू' म्हणत दोन वर्षं घालवली. म्हणून मी दरवर्षी तपासून घेतो. यंदा डोळ्याचं प्रेशर १९, ओसीटी (पडद्याच्या थरांची जाडी मोजणारं स्कॅन) 'बॉर्डरलाइन'. फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेच्या कडेपर्यंत किती दिसतं ती तपासणी, मला जमतच नाही. हनुवटी टेकवून बसायचं, ठिपका दिसला की बटण दाबायचं. दिसला की भास झाला हेच कळेना, शेवटी अंदाजाने दाबत सुटलो. रिपोर्ट भरवशाचा नाही म्हणे. आता डॉक्टर पॅटर्न ईआरजी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा विद्युत आलेख, करू म्हणतात. आईचा एकच धोशा, "डोळ्यात करंट सोडणार? नको रे बाबा." काही उपयोग होतो का?

चष्मेवाली ताई (वडोदरा, ऑप्टोमेट्रिस्ट)
दादा, आईंना सांगा, करंट देत नाहीत. डोळा स्वतःच जो तयार करतो तो मोजतात, तोही जेमतेम काही मायक्रोव्होल्ट. खालच्या पापणीशी बारीक धागा किंवा पट्टी लावतात. समोर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी, काळ्याच्या पांढऱ्या, पांढऱ्याच्या काळ्या होत राहतात. बटण नाही, तुम्ही फक्त मधल्या खुणेकडे बघायचं.
काचबिंदूत मरतात त्या गँगलियन पेशी, म्हणजे पडद्यावरून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या, एका डोळ्यात साधारण दहा-बारा लाख. नुसता प्रकाशाचा झोत टाकून करतात त्या साध्या फ्लॅश ईआरजीत त्यांचा आवाज बाकीच्या पेशींच्या गलक्यात बुडतो, या पटावर तो ऐकू येतो. आलेख ५० मिलीसेकंदांच्या सुमारास वर जातो, ९५ च्या आसपास खाली. ती खालची लाट आखडली तर संशय वाढतो. पेशी मेलेली नाही पण थकली आहे, अशा टप्प्यातही हे दिसू शकतं.
जवळचा चष्मा घेऊन जा आणि बाहुली मोठी करायचे थेंब घालण्याआधी करा. चौकटी धूसर दिसल्या की लाट उगाच छोटी येते.

लोकमान्यनगरची काकू
मी केली आहे. दुखत नाही, धागा जरा टोचल्यासारखा वाटतो. दात आवळून बसले होते, तर रेघ थरथरली नि पुन्हा करावी लागली! मला मधुमेह आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग बिघडला असला तरी लाट बुटकी येते, म्हणून नुसत्या त्या कागदावर औषध सुरू करू देऊ नका. आणि १९ ला नॉर्मल म्हणून निवांत बसू नका. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ असला तर यंत्र प्रेशर कमी दाखवतं. त्याची जाडी मोजणारी पॅकीमेट्री झाली का?

रामबागकर
नाही झाली काकू, कोणी विचारलंच नाही. दोन्ही एकदम करून घेतो. फील्ड टेस्टही सकाळी, झोप झाल्यावर पुन्हा देतो.

चष्मेवाली ताई
हो, ईआरजी झाली म्हणून ती टाळू नका. सख्खे भाऊ-बहीण आहेत?

रामबागकर
मोठा भाऊ सुदामानगरात. त्याचं म्हणणं, "मला सगळं दिसतं." बाबाही हेच म्हणायचे. रविवारी पोहे-जिलबीचं आमिष दाखवून काढतो बाहेर, नि अपॉइंटमेंट सोमवारची घेऊन ठेवतो.