लढाईपेक्षा वाटाघाटी आवडणाऱ्याने कोणता गेम घ्यावा?

जमाखर्च (धागा सुरू करणारी):
धाकटा भाऊ विचारतोय, "ताई, सैन्य हलवायचा कंटाळा येतो, पण राज्य चालवायला आवडतं. काय घेऊ?" माझं मत ठाम आहे: 'व्हिक्टोरिया ३'. २०२२ साली आलेला हा देश चालवायचा संगणकावरचा गेम १८३६ ते १९३६ अशी शंभर वर्षं चालतो. लाकूड महागलं की बांधकाम महागतं. लाकूडतोड वाढवावी तर अवजारं लागतात, अवजारांना लोखंड. या साखळीतच संध्याकाळ सरते. भांडण काढायचं तर आधी मागणी जाहीर करावी लागते. मग दोन्ही बाजू तिसऱ्या देशांना आमिषं दाखवून आपल्याकडे ओढतात. समोरच्याने मुदतीत माघार घेतली तर एकही गोळी न झाडता मुख्य मागणी पदरात पडते! युद्ध पेटलंच, तर सेनापतीला आघाडी नेमून द्यायची, तुकड्या हलवत बसायचं नाही.

तोफखाना:
साफ नापसंत. त्या आघाड्यांवर आपल्या हातात काहीच उरत नाही. आणि वाटाघाटींना वजन येतं ते पाठीशी फौज असते म्हणून. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' हा राज्य वाढवायचा संगणकावरचा गेम घ्यायला सांगा. गेममधल्या ११ नोव्हेंबर १४४४ ला बहमनी राज्य घेऊन सुरुवात केली आणि विजयनगरचे प्रांत भराभर गिळले. शेजाऱ्यांची धास्ती साठत गेली आणि सगळे एकजुटीने अंगावर आले. मैत्रीचे करार आणि मांडलिक यांची किंमत मला त्या पराभवात कळली.

जमाखर्च:
मग हे उदाहरण माझ्याच बाजूचं झालं की! तुम्ही हरलात ते तलवार कमी पडली म्हणून नाही, मित्र कमी पडले म्हणून. 'व्हिक्टोरिया'त तर जिंकलेलं युद्धही महागात पडतं. सैन्य उभं केलं की दारूगोळ्यावर पैसा वाहतो, आणि मरणारी माणसं लोकसंख्येतूनच वजा होतात.

भावताव:
फौज मुळीच नको असेल तर 'ऑफवर्ल्ड ट्रेडिंग कंपनी', २०१६ चा. मंगळावर कंपनी चालवायची आणि प्रतिस्पर्ध्यांचे शेअर घेत घेत त्यांना विकत घेऊन टाकायचं. पाणी किंवा ऑक्सिजन कमी पडला की बाजारभावाने घ्यावाच लागतो, कर्ज चढतं. तरी शांतपणाची अपेक्षा नको: काळ्या बाजारातून चाचेही सोडता येतात.

सात खुर्च्या:
तुम्ही सगळे ज्याला मुत्सद्देगिरी म्हणताय ती बेरीज-वजाबाकी आहे. संगणकाच्या राजाचे गुण जुळले की तो हो म्हणतो, एवढंच. 'सिव्हिलायझेशन ६' या संगणकावरच्या गेमचा मुत्सद्दी विजयसुद्धा २० गुण जमवण्याचा. खरी गोष्ट १९५९ च्या 'डिप्लोमसी' या पटावरच्या खेळात आहे. सात सत्ता, फासे नाहीत. आधी बोलणी, मग प्रत्येकाने गुपचूप हुकूम लिहायचे आणि सगळे एकदम उघडायचे. दिलेला शब्द पाळायची सक्ती कुणावर नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघून खोटं ओळखणं कुठला संगणक शिकवेल?

जमाखर्च:
हे मात्र मान्य. शब्द मोडल्याचं दुःख संगणकाचा राजा देऊ शकत नाही. पण भाऊ रात्री दहाला कामावरून येतो, तेव्हा सहा जण कुठून आणू? मी त्याला 'व्हिक्टोरिया'च देतेय, बेल्जियम घेऊन. लोखंड-कोळसा घरचाच, आणि शेजारी फ्रान्स आणि प्रशिया. फौजेच्या जोरावर त्यांच्यापुढे टिकणं शक्य नाही, त्यामुळे पहिल्या दिवसापासून कुणाशी जुळवून घ्यायचं हे ठरवावंच लागेल.