दह्याच्या जोडीला तंतूही हवेत
रोज दही खाल्लं की रक्तातली साखर आटोक्यात राहते, असं अनेकदा सांगितलं जातं; त्यात थोडी भर. दही चांगलंच, पण त्यातले जिवाणू आतड्यात सहसा फार काळ टिकत नाहीत. तिथे आधीपासून असलेल्या जिवाणूंना खाद्य लागतं, आणि ते कांदा, लसूण, ओट्स, कडधान्यं यांतल्या न पचणाऱ्या तंतूंतून (फायबरमधून) मिळतं. हे तंतू आंबवून जिवाणू ब्युटिरेट, प्रोपिओनेट यांसारखी मेदाम्लं बनवतात. त्यांमुळे आतड्यातल्या काही पेशी जीएलपी-१ हे संप्रेरक सोडतात, जे जेवणानंतर इन्सुलिन स्रवायला मदत करतं. मला हा भाग दह्याहून महत्त्वाचा वाटतो. तंतू मात्र हळूहळू वाढवा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर जास्तच जपून, दोन्हींमुळे पोट बिघडू शकतं. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या कृपया कमी करू नका.