ऑडिशनमध्ये भूमिका मिळाली नाही, प्रॉम्प्टिंग (नट विसरला तर विंगेतून शब्द सांगणं) दिलंय. वर्ष वाया जाईल का?

नवी_विंग: नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीभर आवाजावर मेहनत घेतली, दोन स्वगतं पाठ केली. काल वर्षातल्या पहिल्या नाटकाची यादी लागली, तर माझं नाव शेवटी, प्रॉम्प्टिंग आणि प्रॉपर्टी (नाटकातल्या वस्तू सांभाळणं) यांच्यासमोर. मला अभिनयच करायचाय. काम नाकारलं तर चालेल का? आणि सकाळी वर्ग, संध्याकाळी तालीम, मग स्वतःचा रियाज करायचा कधी? रात्री झोप लागली नाही, म्हणून इथे विचारतेय.

पडद्यामागे: नाकारू नकोस. अकरा वर्षं मी विंगेत उभी राहून प्रयोग चालवतेय. दुसऱ्या वर्षाला मलाही हेच काम आलं होतं आणि मी पहिला आठवडा रुसून काढला. त्या आठवड्यातल्या वाचनांमध्ये काय काय बोलणं झालं ते मला कधीच कळलं नाही, त्याचं आजही वाईट वाटतं.

आज पहिलं काम कर. जाड वही घे, संहितेचं एकेक पान डावीकडे चिकटव, उजवं पान कोरं ठेव. पेन नको, पेन्सिलच. कोण कोणत्या शब्दावर उठतं, कुठून कुठे जातं, सगळं त्या कोऱ्या पानावर. दिग्दर्शक सोमवारी म्हणतील ‘पुढे ये’, गुरुवारी म्हणतील ‘तिथेच थांब’. जुनी नोंद पुसू नकोस. एक रेघ मारून शेजारी तारखेसह नवी लिही. महिन्याने तेच पान उघडलंस की एक प्रवेश कसा कसा घडत गेला ते दिसेल. भूमिका करणाऱ्याला हे दिसत नाही, तो आपल्या वाक्यांत गुंतलेला असतो.

प्रॉम्प्टिंगमध्ये सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे विराम आणि विसर यांतला फरक. मुद्दाम घेतलेल्या विरामात नटाचा श्वास चालू असतो आणि नजर समोरच्यावर असते. विसरलेल्याचा श्वास अडकतो, नजर सुटते. हे ओळखायला शिकलीस की उद्या तुझ्या स्वतःच्या भूमिकेतले विराम भरलेले आहेत की रिकामे, ते तुला आपोआप कळेल. शब्द द्यायचे तर पहिले दोन-तीन, आणि स्पष्ट.

आता प्रॉपर्टी. आमच्या एका प्रयोगात नायिकेने दुसऱ्या अंकात पाकीट फोडून पत्र वाचायचं होतं. पाकीट ग्रीनरूममध्येच राहिलं. तिने टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून त्यातूनच पत्र वाचलं, प्रवेश निभावला, पण आत आल्यावर तिचे हात थरथरत होते. चूक माझी होती. त्यानंतर मी प्रॉपर्टीच्या टेबलावर पांढरा कागद अंथरते, प्रत्येक वस्तू त्यावर ठेवून मार्करने तिची बाह्यरेषा काढते आणि आत नाव लिहिते: पाकीट, चष्मा, किल्ली. प्रयोगाआधी नजर टाकली की रिकामी आकृती लगेच डोळ्यांत भरते. वापरून झालेली वस्तूही तिथेच परत यायला हवी, हे नटांना पहिल्याच दिवशी सांग.

१८९७ साली स्तानिस्लाव्हस्की आणि नेमिरोविच-दान्चेन्को हे दोन रशियन रंगकर्मी अठरा तास बोलत बसले आणि पुढच्या वर्षी मॉस्को आर्ट थिएटर सुरू झालं. त्या बोलण्यात अभिनयाइतकीच पडद्यामागची शिस्तही होती. उशिरा येणं, भूमिका पाठ नसणं या गोष्टी त्यांच्या लेखी कलेलाच घातक होत्या. तुला मिळालेलं काम कमी प्रतीचं आहे असं म्हणूनच मला पटत नाही.

खर्ज: मी आवाज शिकवतो, तेवढंच सांगतो. रियाजाला दोन तास शोधत बसू नकोस, तालमीआधीची वीस मिनिटं पुरेत. ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ बोटाच्या पेराएवढी बुडव आणि फुंकता फुंकता ‘ऊ’ काढत खालून वर, वरून खाली जा. स्वरतंतूंवर ताण न येता ते मोकळे होतात. मग ओठ मिटून गुणगुण, मग मजकूर. प्यायलेलं पाणी थेट स्वरतंतूंवर पडत नाही, ते अन्ननलिकेतून जातं. त्यामुळे एंट्रीच्या तोंडावर बाटली रिती करून उपयोग नाही, दिवसभर थोडं थोडं पी. आवाज बसला असताना कुजबुजत बोलू नकोस, त्यानेही ताण पडतो. गप्प राहा. तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव.

दुसरा_अंक: माझं थोडं वेगळं मत. काम घे, पण दिग्दर्शकांना भेटून ‘ऑडिशनमध्ये माझं काय कमी पडलं?’ हे नक्की विचार. तक्रारीच्या सुरात नको. मी विचारलं तेव्हा कळलं, माझी वाक्यांची शेवटची अक्षरं ऐकूच जात नव्हती. वर्षभर तेवढ्या एकाच गोष्टीवर काम केलं आणि पुढच्या नाटकात भूमिका मिळाली.

नवी_विंग: ताई, दादा, मनापासून आभार. वही केली, चौदा पानं चिकटवून झाली. सरांनाही भेटले. म्हणाले, ‘तू ऐकत नाहीस, आपल्या वाक्याची वाट बघतेस.’ त्रास झाला, पण खरं आहे. एक शंका: नोंदींमध्ये डावी बाजू म्हणजे नटाची की प्रेक्षकांची?

पडद्यामागे: नटाची. प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची डावी. पहिल्या पानावर रंगमंचाचा छोटा नकाशा काढ आणि खालच्या कडेला ‘प्रेक्षक’ लिही, म्हणजे घाईत गोंधळ होणार नाही. आणि सरांनी सांगितलं ना, तेही तारखेसह त्याच वहीत लिहून ठेव.